दहावा वाडगा

दर गुरुवारी सव्वातीनला मी पट्टा काढते,
घड्याळ, किल्ल्या, आणि केसांतली ती एक पिन
जिच्यावरून एकदा यंत्र केकाटलं होतं.
सतरा नंबरचा लॉकर. त्याचं दार
थोडं उचलून धरावं लागतं.
हे मीच नव्या शिपायाला शिकवलं.

कॉर्डरीचा तुरुंग नदीकडे पाठ करून उभा आहे,
गावातल्या बाकी घरांसारखाच.
मागचा अर्धा दगडी. पुढचा विटांचा, पांढऱ्या खिडक्यांचा:
तिथे शेरीफचा संसार असायचा.
मध्ये लोखंडी दार, दारात ताटापुरती फट.
माझा नवरा त्या पुढच्या घरात जन्मला.
भिंतीपलीकडच्या घोरण्याशिवाय
लग्नानंतरही कित्येक महिने त्याला झोप येईना.
मग तूच घोरायला लागलीस, असं तो सांगायचा.

आता तिथे म्युझियम आहे, फक्त शनिवारी उघडतं.
काचेखाली बेड्या, एक पोचे पडलेला पेला,
आणि नोंदवही, भुरी पडलेली शाई:
एक, घोडा चोरला.
एक, दारू.
एक, दारू.
एक बाई, कारण
पुढे काही नाही. नुसता ठिपका.
लिहायला टेकवलेला टाक
कुणीतरी तसाच उचलला असावा.

रॉयस टॅकेट, वय तेवीस.
बंद पडलेल्या शाळेतून त्याने तांब्याची तार काढली.
त्याच शाळेची बस मी एकोणतीस वर्षं चालवली.
तो माझ्या मागच्या सीटवर बसायचा,
त्याला गाडी लागायची म्हणून.
आता आमच्यात पडदा आहे, छोट्या टीव्हीएवढा.
तो इथेच, चाळीस पावलांवर,
त्याचा आवाज मात्र कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातून
वळसा घालून येतो, ओठांच्या मागून,
मिनिटाचे पैसे मोजत.

काय खाल्लंस? बीन्स.
आई आली होती?
तो खांदे उडवतो, चित्र अडकतं,
आणि दहा सेकंद त्याचे खांदे कानांशीच राहतात.

अशा वेळी काहीतरी बोलायचं म्हणून
मी पुराची गोष्ट सांगते.
नदी स्टेशनच्या घड्याळापर्यंत चढली त्या साली
माझ्या सासऱ्यांनी कोठड्या उघडल्या. नऊ जण.
म्हणाले, वाळूची पोती भरा, अंधार पडला की परत या.
परत कुठे, हे कुणी विचारलं नाही.
तुरुंगात छातीएवढं पाणी होतं.
सासू, थिओडोशिया प्रूइट,
चर्चच्या माळ्यावर, गाणाऱ्यांच्या बाकांत
सूपचं पातेलं घेऊन बसलेली.
ते आले, एकामागून एक, चिखलाचेच बनवल्यासारखे.
तिने वाडगे भरले. दहा.

नऊ, रॉयस म्हणतो.

दहा. तुरुंगाच्या वहीत नऊ माणसं,
तिच्या खर्चाच्या वहीत दहा वाडगे.
सकाळी मोजले तरी दहाच.
सासऱ्यांनी पुन्हा मोजले, टोपी काढली,
डोकं खाजवलं, टोपी घातली.
कोण होता, कुठल्या गावचा,
काही गुन्हा नसताना रांगेत का शिरला

बाहेर ओलं होतं, रॉयस म्हणतो.

ओठ आधी हलले, मग आवाज आला,
मग हसू, सगळ्यांत शेवटी, तुकड्यातुकड्यांनी.
वळणावर पिशवी तोंडाशी धरून
अजून किती लांब म्हणणारा तोच चेहरा.

मग त्याला सोडला का?
कोपऱ्यात आकडे उतरू लागतात, चाळीस, एकोणचाळीस.
मला माहीत नाही. सासूला मी विचारलं नव्हतं,
आणि ती गेली तेव्हा मी फेरीवर होते,
मागे बेचाळीस पोरं.
पुढच्या गुरुवारी सांगते, मी म्हणते.
पडदा निळा होतो.

सतरा नंबर. दार थोडं उचलून.
बाहेर रॉयसची आई गाडीत बसलेली,
इंजिन चालू, काचा वर.
मी काचेवर बोट वाजवते.
ती माझ्याकडे बघत नाही. शेजारच्या सीटवरची पर्स
उचलून मांडीवर घेते.