दोन्हीवर ठेवू नको

उद्यमनगरात, ओतीव लोखंडाच्या वासातल्या गाळ्यात
बाबालाल मुजावरनं लाल फिरकी माझ्या हातात दिली.
"त्रिशलाक्का, चार खुणा आहेत बघ.
एक. दोन. दोन्ही. बंद.
एक म्हणजे इंजिनची. तिला हात लावायचा नाही,
लेकीच्या फीचे पैसे समज.
दोन म्हणजे दिवे, पंखा, गाणी, लोकांची हौस.
इंजिन धरलं की दोन्हीवर, दोघींचं पोट भरतंय.
इंजिन थांबलं की पहिलं दोनवर.
आणि चालत्या इंजिनात बंदवर नेलीस तर
अल्टरनेटर जाईल, मग रडत यायचं नाही."

मी मान हलवली.
मान हलवायला काय जातंय.

'चंद्राक्का' माझी बोट.
बारा माणसं, वर पत्रा, पत्र्याला रंगीत माळ.
सकाळी मी शाळेचे गणवेश शिवते,
दुपारी चौदा डबे,
पाच वाजता रंकाळा.

त्या दिवशी केरबा चौगुले आणि आनुबाई,
लग्नाला पन्नास वर्षं,
पैसे पुण्याच्या पोरांनी फोनवरनं भरलेले.
नातवंडं, फुगे, केक, आणि हा एवढा स्पीकर.
संध्यामठाच्या अलीकडं मी इंजिन बंद केलं.
कुणी म्हणालं, मावशी, फोटो काढा.
कुणी म्हणालं, भेळेचा कागद कुठं टाकू?
फिरकी दोन्हीवरच राहिली.

तासाभरानं माळ आधी पिवळी झाली,
मग विटकरी,
मग गाणाऱ्या बाईनं ओळ अर्ध्यावर गिळली.

किल्ली फिरवली.
टक्.
पुन्हा फिरवली.
टक्.
काठावर गाड्यांचे दिवे पळत होते,
एवढं जवळ, की हॉर्नवरनं रिक्षा ओळखावी,
आणि मधे सगळं काळं पाणी.
एक पोरगं रडायच्या बेतात.
मी बाबालालला फोन लावला. त्यानं उचलला नाही.
मी तिसऱ्यांदा किल्लीला हात घातला तेव्हा
केरबांनी माझं मनगट धरलं.

"गारगोटी डेपोत एकतीस वर्षं एसटी हाणली मी.
बसली म्हणजे मेली नव्हं, पोरी.
माळेची वायर काढ, स्पीकरची काढ.
आता धा मिनिटं तिला काय मागू नको."

धा मिनिटं.

कुणी बोललं नाही.
फुग्याला फुगा घासला.
केंदाळाचा हिरवा, कुजका वास आला,
तो आधीही येतच असणार.
आनुबाई विझल्या मेणबत्तीचं मेण
नखानं खरवडत बसल्या होत्या,
आणि केरबा त्यांच्याकडं बघत नव्हते,
नुसता खांदा खांद्याला लागलेला.
माझे हात मांडीवर पडले होते,
कुणा दुसऱ्या बाईचे असावेत तसे.
सुई नाही, पळी नाही, सुकाणू नाही.
त्यांना काय करावं कळेना.

"आता मार. दोन्हीवरच असू दे,
दोघी मिळून उचलतील."
हे बाबालालनं शिकवलं नव्हतं.

इंजिन खोकलं. थांबलं.
खोकलं, आणि धरलं.
पोरांनी टाळ्या पिटल्या.
केरबांचा डावा हात तेवढा हवेत
गिअर टाकून खाली आला.

पैसे देताना आनुबाई म्हणाल्या,
"गाणं थांबलं ते बरं झालं बाई.
ते मला कधीच आवडत नव्हतं.
पन्नास वर्षं ह्यांना सांगितलं नाही."

साडेनऊला घरी.
चप्पल काढतेय तोवर आतनं लेक,
"आई, वाढू? आणि ते गणवेश
सकाळी सातला न्यायला येणारायत,
गॅसवाल्याचा पण फोन..."

मी उंबऱ्यावरच बसले.
बटणाकडं गेलेला हात मागं घेतला.
"धा मिनिटं," म्हटलं,
"काय मागू नको."

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.
मग तोही नाही.