काढून ठेवलेलं

जाहिरातीत मी एवढंच लिहिलं होतं:
पालिओ, एक पॉइंट सहा, सन दोन हजार दोन,
एमएच पंधरा, पिवळी. भाव समोर बसून.
खाली नाव, आर. खैरनार.
तेव्हापासून फोन येतात,
"काकू, साहेब आहेत का?"

साहेब नाहीत. मी आहे.
अंबडला माझं ग्राइंडिंगचं जॉबवर्क,
तीन मशीन, दोन पोरं,
आणि मायक्रॉनभर चूक झाली तर
रात्री झोप न लागण्याची खोड.

सिन्नरचा एक आला. बॉनेट न उघडताच म्हणाला,
ऐंशी. भंगारवाला याच्या निम्मे देईल.
देवळालीचे एक निवृत्त सुभेदार तासभर बसले,
दोनदा चहा घेतला, चारही दारं उघडून लावून पाहिली,
डोळे मिटून तो थप्प आवाज ऐकला
आणि किंमत न विचारताच गेले.

मग मीच वहीत मांडून पाहिलं.
सस्पेन्शन, पुण्याहून, अठ्ठावीस हजार.
टायमिंग बेल्टसाठी कुर्ल्याच्या तीन खेपा,
दोन फुकट.
मॅनिफोल्ड सातपूरच्या शेडमध्ये,
रात्रपाळीच्या वेल्डरला मिसळीवर राजी करून;
त्याची पावती नाही.
पेठ रोडला पुन्हा पासिंग, हरित कर,
आणि खिडकीतला तो माणूस,
"मॅडम, कापून का टाकत नाही हिला?"
हे कुठल्या रकान्यात लिहू?

बेरीज चार लाख साठ. बाजार म्हणतो दीड.
अत्तार मिस्त्री पाना पुसत म्हणाला,
"ताई, गाडीवरचा खर्च आणि बारशाचे पेढे,
दोन्ही परत मागू नयेत."

सकाळी सहाला त्र्यंबक रोडने तिला शेवटची नेऊन आणली.
महिरावणी मागे पडलं, रस्ता मोकळा,
तिसरा गिअर. चार हजारांपर्यंत ती कुरकुरते,
मग घसा साफ करून
एकच लांब स्वर धरते,
आणि अंजनेरी खिडकीत उजवीडावीकडे हलायला लागतो.
याचा भाव सांगायचा तर
समोरच्याला शेजारी बसवावं लागेल,
आणि मग मी विकणारच नाही.

रविवारी मनमाडहून सुबोध पगारे आला,
रेल्वे वर्कशॉपात शिकाऊ, नखांत ग्रीस.
साहेबांना विचारलं नाही.
दप्तर उशाला घेऊन सरळ गाडीखाली शिरला.
बराच वेळ नुसते बूट दिसत होते.
मग आतून आवाज, "जोड सुरेख आहे. कुणी केला?"
आणि थोड्या वेळाने,
"मूळचा सायलेन्सर ठेवलाय का?
मला ही कंपनीतून आली होती तशी करायचीय."
मला राग आला. वीस वर्षं मी हिला
घडवत होते की बिघडवत होते?
का रे, विचारलं.
म्हणाला, "आधी ऐकू तरी,
त्यांच्या मनात काय होतं."

माळ्यावर चढले.
कुकरच्या खोक्यामागे गोणपाट,
त्यात एअर बॉक्स, स्प्रिंगा, लोखंडी चाकं,
पाइप, शिक्का असलेले क्लॅम्प,
सगळं तेलाच्या फडक्यात, प्रत्येकाला चिठ्ठी,
अक्षर माझंच, तारीखही.
काढलं तेव्हा टाकून का दिलं नाही,
ते आत्ता कळलं. की नाही कळलं.

त्याच्याजवळ एक लाख दहा होते.
"ठीक," म्हटलं. "पण माझं जे उतरवशील
ते मला परत."

पंधरवड्याने एसटीच्या पार्सलने गोणपाट आलं.
माझा मॅनिफोल्ड, कुर्त्याच्या जुन्या कापडात गुंडाळलेला.
चिठ्ठी त्याच्या अक्षरात: *आवाज साधा आहे. चांगला आहे.*
चढवून ठेवलं.

काल पुन्हा फोन, "काकू, साहेब..."
"गाडी गेली," म्हटलं.
आणि तो ठेवायच्या आत,
"थांबा. तुम्ही सध्या कुठली चालवता?"