बर्फाची जाडी

सरोवराची खोली हिल्क्काला ठाऊक आहे:
अठरा मीटर, नकाशात छापलंय.
पण आज बर्फ किती पेलेल
ते काउकोलाच कळायचं,
पहार आपटली की तिच्या आवाजावरून.

त्यांच्याकडे माहीत असणं म्हणजे तिएताआ,
आणि तिए म्हणजे वाट.
गेल्या हिवाळ्यापासून काउकोची वाट
अंगणातल्या सरपणाशीच संपते.
मार्च की नोव्हेंबर, सांगता येत नाही.
बायकोचं नाव जिभेवर येतं, परत फिरतं.

जाळं मात्र विणता येतं.
हे आपल्या मराठीचं बरं आहे,
पोहणं, विणणं आपल्याला 'येतं',
पाहुण्यासारखं, आणि काही पाहुणे
घर पडत आलं तरी उठत नाहीत.
सुई, गाठ, सुई.
बोटं त्याला विचारायला थांबत नाहीत.

काल डॉक्टरीणबाईंनी विचारलं, या कोण?
तो बराच वेळ तिच्या लोकरी मोज्यांकडे
बघत राहिला, उसवलेल्या अंगठ्याकडे.
मग म्हणाला, तुन्नेन.

ओळखतो, असाही अर्थ होतो.
जाणवतं, असाही.
बाईंनी कागदावर लिहिलं: नाव सांगितलं नाही.
हिल्क्काने कुठला अर्थ ते विचारलं नाही.
कॉफी ओतली, थोडी बशीत सांडली.

आज जाळी उपसायला ती एकटीच निघालीय.
दर चार पावलांवर थांबते,
पहार आपटते, कान देते.
आवाज अजून उमगत नाही तिला.
ऐकू येतो.