आडवे बावीस

चौकशी खिडकी क्रमांक दोन, जुनं सीबीएस, नाशिक.
काचेला अर्धचंद्राएवढं भोक. त्यातून लोक विचारतात
हरसूल किती वाजता, वणी लागली का,
आणि मी सांगते.
मधल्या वेळात मांडीवर रविवारचं शब्दकोडं,
उभ्या अकरावर चहाचा गोल डाग.

सोपे शब्द पहिल्या कपातच संपतात.
सूर्य म्हणजे रवी, कमळ म्हणजे पंकज,
यांना आपापली घरं पाठ,
पासधारकांसारखे न विचारता येऊन बसतात.

अडतात ते निराळे.
ते मी चिठ्ठीवर लिहून खैरनार कंडक्टरला देते,
सकाळी पेठला जातात, संध्याकाळी उत्तर उतरतं.
'भाताची रोपं उपटून पुन्हा रोवणं', तीन घरं, शेवटी णी.
मी लावणी लिहून मोकळी झाले होते
आणि उभा शब्द घुसत नव्हता.
"आवणी," खैरनार म्हणाला, हिशेब लिहिता लिहिता,
"मागच्या बाकावर तिघी होत्या. तिघी एकदम बोलल्या."
कळवणच्या गाडीनं ओगराळे आलं, तूप वाढायचं.
आमच्या घरी त्याला नावच नव्हतं,
आई म्हणायची, ते दे गं.

आडवे बावीस मात्र चार दिवस रिकामं.
'तांब्याच्या अंगावर खळ्या पाडणे.' चार घरं.
दुसऱ्यात ठा, उंबरठ्याचा. शेवटी णे.
घडवणे नाही. ठोकणे आखूड पडतं.
एकदा चिडून पठाडणे लिहिलं, लगेच खोडलं.
असा शब्द असलाच
तर तो माझ्यापासून सुरू व्हायला नको.

आज दुपारी एकजण आला, काखेत गोणपाटात बांधलेला हंडा.
"सिन्नर?"
गोणपाट सुटलेलं होतं एका बाजूनं
आणि आत तांबं, खळ्याच खळ्या,
प्रत्येकीत एकेक छोटं ऊन.
सिन्नर सांगायचं राहूनच गेलं.
"हे असं जे केलंय, त्याला काय म्हणतात हो?"
"कशाला? हे? मठारलंय."
हाताला काय म्हणतात असं विचारल्यासारखा
तो माझ्याकडे बघत राहिला.

म, ठा, र, णे.
मी बोटानं घरं मोजत होते
तेवढ्यात चार नंबरवरून सिन्नर निघून गेली.

पुढची चाळीस मिनिटांनी. तो खिडकीपाशीच टेकला.
रागावला नाही. हंड्याच्या गळ्याशी
ठिपक्याठिपक्यांनी नाव काढलेलं: चि. सौ. कां. मयुरी सांगळे.
"लग्न परवा आहे," म्हणाला, "आज काही बुडत नाही."
मग माझं कोडं उलटं धरून बघितलं.
"गुळगुळीत तांबं मऊ असतं बाई.
धक्का लागला की पोचा.
ठोके खाल्ले की कडक होतं. लोक समजतात नक्षी."
आणि काळ्या चौकोनांवर नख ठेवून:
"इथं काय भरायचं?"
इथं काही नाही, मी म्हटलं.
"बरंय," म्हणाला. का बरंय, ते नाही सांगितलं.

तो गेल्यावर मी पेन घेतलं.
एरवी पेन्सिल असते, खोडता येते.
मठारणे लिहिलं, जरा दाबूनच,
खालच्या पानावर वळ उमटले.
त्र्यंबकची गाडी पुकारताना
जीभ दोनदा त्या शब्दाकडे वळली, मी आवरली.

उभे सतरा अजून कोरंच आहे.
'विहिरीत पडलेली घागर काढायचा आकडा', दोन की तीन घरं,
छपाई पुसट आहे.
खैरनारची पेठ गाडी सात चाळीसला येते.