डावा आटा

कीथलीच्या चढावर, सग्डनच्या शेडमध्ये
शनिवारभर मी एकाच नटाशी झटलो.
ग्राइंडरच्या डाव्या चाकाचा नट.
पाना सटकला, बोटाचं सालपट गेलं,
दोन अस्सल कोल्हापुरी शिव्या हासडल्या;
यॉर्कशरच्या लोखंडाला त्या कळल्या नसाव्यात.

म्युरिएल चहा घेऊन आली. बघत राहिली.
"डाव्या चाकाचे आटे उलटे असतात रे.
तू सोडत नाहीयेस, आवळतोयस.
आणि तो मिलिमीटरचा पाना ठेव बाजूला,
कोपरे खाईल. इथलं सगळं इंचात.
तेल सोड, रात्रभर विसर त्याला.
सकाळी आधी किंचित आवळ,
मगच सोड."

सकाळी नट कुरकुरला
आणि दोन बोटांनी फिरला.

खणात विल्फचे बोल्ट,
प्रत्येकाच्या गळ्यात त्याचाच नट,
वरून तेलाचा हात.
खिडकीत तेवढा एक बोल्ट उघडा,
शेजारी नट, तांबूस गंजलेला.
मी ब्रश घेऊन पुढे झालो.

"तो राहू दे," ती म्हणाली.
"तो चढवणारच होता.
मीच जेवायला हाक मारली."