नमुना क्रमांक एकेचाळीस

बावीस वर्षं मी बिश्केकच्या या तळमजल्यावर
पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला कांदा सोलायला शिकवते.
पापुद्रा इतका पातळ हवा
की खालचं वर्तमानपत्र वाचता यावं.
दर सप्टेंबरात कुणीतरी विचारतंच:
बाई, आम्ही घोड्यांसाठी आलो, कांदा कशाला?

मी म्हणते, आधी बघ.
भिंगाखाली विटांचं बांधकाम, विटेला वीट लागून.
आता काडी गालाच्या आतून फिरव
आणि निळ्या थेंबात स्वतःला बघ:
भिंत नाही. नुसती चुरगळलेली ओली कड,
मधोमध एक ठिपका.
जिला पळता येत नाही ती भिंत बांधते.
आपल्याला पळता येतं,
आपलं पातळ कातडीवर भागतं.
हे परीक्षेत लिहू नका.
परीक्षेत पेशीभित्तिका लिहा, हरितलवक लिहा.

गुरुवारी कत्तलखान्यातून थर्मास येतो.
मेंढीच्या कोठीपोटातलं पाणी, अजून कोमट.
खिडक्या धडाधड उघडतात,
काचपट्टीवर मात्र जत्रा:
केसाळ, गोलमटोल, कुठेतरी पोचायच्या घाईतले जीव,
एकाच्या पोटात गवताचा हिरवा कण.
मेंढी गवत खात नाही, मी सांगते,
मेंढी यांना गवत चारते
आणि मग यांना खाते.
मागच्या बाकावरचा तिलेक हसतो.
बेरमेत हसत नाही.

बेरमेत नारीनच्या वरच्या कुरणांतली.
घोड्याचं वय दात न बघता सांगते.
वनस्पतींच्या पेपरात शंभरात एकतीस.
म्हणून तिला वाळवलेल्या नमुन्यांचं कपाट पुसायला लावलं.
एकेचाळिसाव्या कागदाशी फडकं थांबलं.
बचनाग. निळ्या टोप्यांचा तुरा,
आता जुन्या शाईच्या डागासारखा.
'ही आमच्या ओढ्यावरची,' ती म्हणाली,
'जुलैत नवा मेंढा गेला. तोंडाला फेस,
दातांत हे. मला वाटलं, नजर लागली.'

तिथूनच तिनं फोन लावला.
पलीकडे वारा, कुत्रं, मग बाप.
'ते होय,' तो म्हणाला, 'आपल्या मेंढ्यांना ते ठाऊक असतं.
हुंगतात आणि वळसा घालून जातात.
तो तोकमोकच्या बाजारातला,
दावणीच्या कोरड्या चाऱ्यावर वाढलेला.
त्याच्या आईनं त्याला ओढा दाखवलाच नव्हता.'
मग नुसता वारा. मग:
'पाहुण्याबरोबर चार दिवस कुणी चालायला हवं होतं.
चुकलंच माझं.'

बेरमेत बराच वेळ कपाटापुढे उभी.
मग म्हणाली, बाई, एखादा कांदा आहे का?
माझ्या पिशवीत होता, रात्रीच्या सुपासाठी घेतलेला.
तिनं सोलला, पापुद्रा नखानं सुटा केला,
खिडकीत उजेडाला धरला.
त्यातून पलीकडची पॉप्लरची रांग दिसत होती,
ओलसर, जराशी थरथरती.

जाड आहे, मी म्हटलं.
अजून एक काढ.