मजकूर मुलगी

लडलो गाव. क्राउन सराईचा वरचा मजला,
सन सतराशे एकसष्ट, मेंढरांच्या बाजाराचा दिवस.
जबान्या घ्यायला दोन कमिशनर, गार झालेलं मटण,
आणि मी कारकून. नव्वद शब्दांमागे आठ पेन्स.
म्हणून आमच्या कागदावर कुणी नुसतं मरत नाही,
मरण पावतो, निधन पावतो, आणि मृत होतो.

लग्नाच्या दस्तात सगळं होतं.
वधूने आणलेले तीन हजार,
वैधव्य आल्यास सालीना दीडशे, खालच्या कुरणातून,
होणाऱ्या प्रत्येक मुलीला दोन हजार पौंड.
"एकवीस वर्षांची झाल्यावर"
एवढे तीन शब्द म्हाताऱ्या पार्डो वकिलाकडून राहून गेले.
त्या दिवशी, म्हणतात, त्याची दाढ ठणकत होती.

मार्चात नवरा घोड्यासकट टेम नदीत गेला.
मे महिन्यात मुलगी झाली. मेणबत्ती बोटभर जळेपर्यंत होती.
बाप्तिस्मा नाही, नाव नाही, चर्चच्या वहीत ओळ नाही.
जगली असेल, तर दोन हजारांची मालकीण,
आणि लेटिस चेनी तिची वारस.
दीर अँब्रोज म्हणतो, मूल मेलेलंच उपजलं,
सबब काही देणं लागत नाही.
नऊ वर्षं हेच.
कुरणाची निम्मी किंमत वकिलांनी केव्हाच चरून टाकली.

केझाया गॉफ, सुईण, वय साठ किंवा सत्तर.
रडली का?
रडली.
कशी?
मांजराच्या पिलाएवढी. मग थांबली,
ऐकत असल्यासारखी. खाली कुणी भांडी घासत होतं.

मी लिहिलं: मजकूर मुलगी मोठ्याने व स्पष्ट रडली.
"मोठ्याने" माझं.
आठ पेन्ससाठी असेल. मला नक्की सांगता येत नाही.
वाचून दाखवलं तेव्हा त्या शब्दाशी म्हातारी अडली,
माझ्याकडे पाहिलं,
आणि फुली मारली, जरा वाकडी.
मी वाळू टाकली.

जिन्यात लेटिसबाई उभ्या होत्या.
जबानी फोडायची नाही अशी माझी शपथ.
त्यांनी पैशांचं विचारलं नाही.
"मी शुद्धीत नव्हते," म्हणाल्या. "रडली होती?"

मोठ्याने, मी म्हटलं.

अंगणात मेंढ्या मोजणं चालू होतं.
अठरा, एकोणीस, वीस,
काठीवर एक खाच,
आणि पुन्हा एकपासून.